‘कुल’ आणि ‘कूळ’ : घराण्यांच्या इतिहासलेखनाविषयी काही विचार

१

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत ‘कुलवृत्तान्त’ नावाचा एक लेखनप्रकार चांगलाच रुजला. आपटे, गोखले, बापट यांसारख्या अनेक घराण्यांनी आपापले वृत्तान्त सिद्ध केले आणि ती परंपरा आजही खंडित झालेली नाही. या लेखनामागे इतिहाससंशोधनाची तत्कालीन प्रेरणा होती. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून साधनांचे खंड प्रसिद्ध केले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि घरातील माळ्यावरचे रुमाल हेही इतिहासाचे साधन असू शकते ही जाणीव सुशिक्षित मध्यमवर्गात पसरली. कुलवृत्तान्त हे त्या जाणिवेचे घरगुती फळ होय.

या ग्रंथांचा साचा ठरलेला आहे. आरंभी मूळ गाव, गोत्र, कुलदैवत व कुलाचार यांची माहिती, त्यानंतर ज्ञात मूळ पुरुष, त्याच्या शाखा, वंशवृक्षाचे घडीचे तक्ते आणि शेवटी व्यक्तींची त्रोटक चरित्रे. शेकडो आप्तांना पत्रे पाठवून, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहून, इनामपत्रे व जमाखर्च ताडून हे काम होत असे. कोणतेही अनुदान वा पदवी नसताना केलेल्या या परिश्रमांविषयी आदर बाळगूनच पुढील विवेचन करावयाचे आहे. मराठी समीक्षेने या लेखनाची वाङ्मय म्हणून दखल जवळजवळ घेतलीच नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु आज त्याहून निकडीचा प्रश्न असा की, ज्या घराण्यांपाशी दप्तर नाही त्यांचा वृत्तान्त कोणी व कसा लिहावयाचा?

२

मराठीत ‘कुल’ या तत्सम शब्दाचेच ‘कूळ’ हे रूप आहे. त्याचे दोन अर्थ आपण नित्य वापरतो. एक, वंश, दुसरा, दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील तालुक्यांपुरते बोलावयाचे तर येथील कित्येक कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबांचा लेखी दप्तरातील प्रवेश या दुसऱ्या अर्थाने झाला. सातबाऱ्यावर कुळाच्या रकान्यात एक नाव, त्यापुढे खंडाचा आकडा, एवढाच त्यांचा लिखित वृत्तान्त. १९४८च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, कसणारा मालक मानला जाऊ लागला आणि अनेक घरांचे नाव प्रथमच मालकी सदरात चढले. कातकऱ्यांच्या वाट्याला बहुधा तेही आले नाही. जंगलातला कात, कोळसा आणि पुढे वीटभट्टी यांमागे वर्षातील कित्येक महिने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे नाव कोणत्या गावच्या कोणत्या वहीत सापडणार?

जुनी साधने या उणिवेची भरपाई करीत नाहीत. उत्तर कोकणाच्या इतिहासासाठी मोलाची असलेली ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. तीत वंश, गोत्रे, कुलदेवता आहेत, पण त्या मुख्यतः सत्तेशी व वृत्तीशी संबंध असलेल्या घराण्यांच्या. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये कातकरी, ठाकूर, वारली यांची वर्णने आहेत, पण ती जमातीची आहेत. त्यांत पोशाख, आहार, चालीरीती भेटतात. कुटुंब भेटत नाही, व्यक्ती तर नाहीच. एकीकडे नावानिशी नोंदलेले कुल, दुसरीकडे नाव नसलेली जमात. या दोहोंच्या मध्ये जी रिकामी जागा आहे ती आपल्या विभागांच्या संशोधनाची जागा होय, असे मला वाटते.

३

दप्तर नाही म्हणजे स्मृती नाही, असे मात्र मुळीच नाही. या भागातील कोणत्याही पाड्यावर वृद्ध माणसांशी बोलावयास बसले की ध्यानात येते की त्यांच्या स्मृतीला स्वतःचे कालमापन आहे. ‘मानमोडीच्या साली आजा गेला’ या वाक्यात १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आहे. ‘सिद्धगडला कोतवाल पडले तेव्हा आई पाळण्यात होती’ असे कोणी सांगितले तर त्या स्त्रीच्या जन्माचा काळ २ जानेवारी १९४३ या दिवसाशी बांधता येतो. भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना त्या दिवशी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर हौतात्म्य आले. शहापूरकडे धरणे हीच शकाची जागा घेतात. मुंबईच्या पाण्यासाठी तानसा १८९२ साली पुरे झाले आणि मध्य वैतरणा २०१४ साली. ‘धरणाच्या आधी’ व ‘धरणानंतर’ असे काळाचे दोन भाग पाडणारी कुटुंबे येथे भेटतात. त्यांच्या बाबतीत ‘मूळ गाव’ हा कुलवृत्तान्तातील पहिला रकाना पाण्याखाली असतो.

स्मृतीची दुसरी जागा देव्हारा. टाकांमध्ये कुलदैवताबरोबर घरातील एखादा अकाली गेलेला पुरुष ‘वीर’ म्हणून असतो, आणि त्याच्या मरणाची हकिगत त्या टाकाबरोबर पुढच्या पिढीकडे जाते. तिसरी जागा गीतांची. ठाणे जिल्ह्यात लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या स्त्रीला वारल्यांत धवळेरी आणि आगऱ्यांत धवलारीण म्हणतात. हा शब्द ऐकताच मराठीच्या प्राध्यापकाला तेराव्या शतकातील महदंबेचे ‘धवळे’ आठवावयास हवेत. आद्य मराठी कवयित्रीच्या रचनेचे नाव ज्या प्रथेशी जोडलेले आहे ती प्रथा आपल्या महाविद्यालयापासून दोन-चार कोसांवर जिवंत असताना, तिच्याकडे आपण केवळ ‘लोकसाहित्य’ या प्रश्नपत्रिकेतील टीप म्हणून पाहतो.

४

येथे मुरबाडच्याच सीमेवरील एका प्राचीन लेखाकडे वळावयाचे आहे. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेले की घाटमाथ्यावर, जुन्नरच्या बाजूस, सातवाहनकालीन लेणे लागते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील तेथील ब्राह्मी लेख सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्याशी संबंधित आहे. यज्ञ, दक्षिणा यांच्या तपशिलासाठी व प्राचीन अंकचिन्हांसाठी तो प्रसिद्ध आहेच. मराठीच्या प्राचीनतेची चर्चा करतानाही त्याचा हवाला दिला जातो, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर त्याचा उल्लेख अधिकच होऊ लागला आहे.

परंतु या लेण्याच्या भिंतीवर एका कुटुंबाच्या प्रतिमा होत्या, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. प्रतिमा भंगल्या, त्यांवरील नावे मात्र टिकली : सिमुक सातवाहन, राणी नागनिका व राजा सातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी. हा महारठी राणीचा पिता असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. ते मान्य केल्यास महाराष्ट्रातील या आद्य कौटुंबिक आलेखात सासरच्या नामावळीत माहेरही उभे होते असे म्हणावे लागते. एका स्त्रीशी निगडित असलेल्या आलेखाने जी जागा माहेराला दिली, ती दोन सहस्रकांनंतरच्या छापील वंशवृक्षांनी दिली नाही. कुलवृत्तान्तात मुलगी बहुधा ‘अमक्यास दिली’ एवढ्या टिपेने संपते, आणि सून ‘अमक्याची कन्या’ म्हणून नव्या नावाने उगवते.

याउलट जात्यावरची ओवी तेथूनच सुरू होते. गी पॉइटविन व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह मावळ-मुळशी व अन्य भागांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील भाऊ, भावजय, माहेरची वाट, मावशीचे गाव हे सगळे नातेसंबंधांचे आलेखन आहे. वंशवृक्ष उभा वाढतो. ओवीतले नाते आडवे, गावागावांतून पसरते. शहापूर-मुरबाडमध्ये दुष्काळात, आजारपणात, धरणाने उठविल्यावर माणसे बायकोच्या वा बहिणीच्या गावाला गेली असतील, तर ‘आपण येथे कसे आलो’ याचे उत्तर मूळ पुरुषाच्या तक्त्यातून मिळणार नाही. ते घरातल्या म्हातारीलाच ठाऊक असणार.

५

हे सर्व आताच का मांडावयाचे? घराण्याचा शोध आज पूर्वी कधी नव्हता इतक्या जोराने चालू आहे, पण तो तहसील कचेरीत व पडताळणी समितीसमोर चालू आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. मग आजोबांच्या शाळेतील जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ ही कोतवालाची जन्म-मृत्यू नोंद, फेरफार यांचा शोध सुरू होतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. दुसरीकडे समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पांसाठी शहापुरात जमिनी गेल्या, तेव्हा वारसांच्या याद्या झाल्या.

या कागदी वंशावळींचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. जातपडताळणीत फक्त पित्याकडील नाती ग्राह्य. वारसनोंदीत मुलींची नावे कायद्याने येतात, पण पुष्कळदा ती येतात ती हक्कसोडपत्रावर अंगठा वा सही होऊन पुन्हा नाहीशी होण्यासाठीच. ज्याचा हक्क नाही, ज्याला अपत्य नाही, जो वीटभट्टीवर गेला आणि परतला नाही, तो या वंशावळीत नसतो. अशा रीतीने या भागातील बहुसंख्य कुटुंबांचा पहिला लिखित वृत्तान्त मुद्रांकाच्या कागदावर, प्रतिज्ञापत्राच्या भाषेत तयार होत आहे. पुढील पिढी तोच आपला इतिहास मानील, ही चिंता मला अधिक वाटते.

कायदा मात्र एका ठिकाणी आपल्या विद्यापीठीय व्यवहाराच्या पुढे गेलेला दिसतो. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियम १३ मध्ये पुराव्यांच्या यादीत वंशावळ आहे, आणि गावातील वृद्धांचे लेखनिविष्ट केलेले निवेदनही आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या दाव्यांसंबंधीच्या निकालात स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांचे महत्त्व अबाधित ठेवून, चालीरीतींच्या आप्तभाव-कसोटीला अंतिम कसोटी मानता येणार नाही असे म्हटले. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या कथनाला वनजमिनीच्या दाव्यात पुरावा म्हणून स्थान आहे. आपल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत त्याला अद्याप ते मिळालेले नाही.

६

मौखिक कथन विश्वसनीय नसते, हा आक्षेप येथे येणारच, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. मौखिक परंपरेत मधल्या पिढ्या गळतात, दोन पुरुष एक होतात, अपकीर्ती झाकली जाते. आफ्रिकेतील परंपरांच्या आधारे यान व्हॅन्सिना यांनी याचे पद्धतशीर विवेचन केले आहे. अॅलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ (१९७६) या ग्रंथाचे उदाहरणही बोलके आहे. गांबियातील ज्या कथेकऱ्याच्या निवेदनावर त्यांनी आपला आफ्रिकी पूर्वज निश्चित केला, त्याने श्रोत्याला हवे तेच सांगितले असावे, असा आक्षेप पुढच्याच वर्षी घेतला गेला. प्रश्नकर्त्याची इच्छा उत्तरात उतरते, हा त्यातून घ्यावयाचा धडा.

पण हे दोष लिखित साधनांतही आहेत. गाळलेल्या पिढ्या आणि झाकलेल्या अपकीर्ती छापील कुलवृत्तान्तांत नाहीत, असे कोण म्हणेल? लिखित साधनाची चिकित्सा करावयास आपण शिकलो, तशी कथित साधनाची चिकित्सा शिकणे एवढाच यावर उपाय. त्या दृष्टीने काही पथ्ये सुचवितो. एकाच कुटुंबातील किमान दोन निवेदक असावेत आणि त्यांपैकी एक स्त्री, शक्यतो घरात बाहेरून आलेली, असावी. पाठभेद जुळवून एक ‘शुद्ध’ कथा तयार करू नये. पोथीच्या संपादनात पाठभेद तळटीपेत जपतो तसे ते जपावेत. निवेदन बोलीतच उतरवावे, कारण ‘आमी आलूं’ आणि ‘आम्हाला आणले’ यांतील क्रियापदाचा फरक हाच कित्येकदा इतिहास असतो. निवेदनाच्या वेळी कोण उपस्थित होते याची नोंद असावी. थोरल्या दिरासमोर सून जे सांगते ते आणि विहिरीवर सांगते ते सारखे नसते. फेरफार, शाळेचे रजिस्टर, धरणाची वा साथीची साले यांच्याशी कथन ताडावे, परंतु न जुळणारा भाग खोडू नये.

आणखी एक पथ्य नैतिक आहे. वंशावळ हा या तालुक्यांत निरुपद्रवी कागद नाही. तिच्यावर जमिनीचा दावा उभा राहतो किंवा पडतो, एखाद्याचा दाखला अडतो. म्हणून प्रसिद्धीपूर्वी कुटुंबाची संमती घ्यावी, नको असलेला भाग बंद ठेवावा आणि लेखनाची पहिली प्रत त्या घरात पोचवावी. विद्यार्थ्याला गुण मिळाले आणि घराला काही मिळाले नाही, तर ती आणखी एक प्रकारची वेठच होईल.

७

मराठी साहित्याच्या विभागाने हे काम का करावे, ते इतिहास वा समाजशास्त्राचे नव्हे काय, असेही विचारले जाईल. माझे उत्तर असे की घराण्याची कथा ही प्रथम कथा आहे. ती कोणी, कोणाला, कोणत्या बोलीत व कोणत्या प्रसंगी सांगितली हे तिच्या आशयाचेच अंग आहे, आणि हे पाहण्याची साधने आपल्यापाशी आहेत. शिवाय मराठी साहित्याने ही वाट आधीच दाखविली आहे. ‘बलुतं’ (१९७८) पासूनच्या दलित आत्मकथनांनी ‘मी’च्या मागे उभ्या असलेल्या पिढ्या प्रथमच बोलत्या केल्या. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप अन् आम्ही’ (१९९३) या पुस्तकात तर अल्पशिक्षित पित्याचे स्वतःचे निवेदन मुलांच्या निवेदनाबरोबर उभे राहते. कुलवृत्तान्ताला पर्यायी असा घाट त्यात सिद्ध झालेला आहे. आपण तो आत्मचरित्राच्या खणात ठेवून मोकळे झालो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य व संशोधन-प्रकल्प यांना श्रेयांक मिळाले आहेत. ते श्रेयांक त्याच त्या कादंबरीकारांच्या ‘एक अभ्यास’ छापाच्या प्रकल्पांवर खर्च करण्याऐवजी, ग्रामीण महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने एका कुटुंबाचा वृत्तान्त वरील पथ्ये पाळून उतरवावा, आणि विभागाने त्याचा संग्रह जतन करावा, असा माझा प्रस्ताव आहे. आमच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी स्वतः या घरांतूनच येतात. अर्जासाठी त्यांनी पणजोबाचे नाव शोधलेले असते. पणजीचे नाव त्यांना कोणी विचारलेले नसते. ते विचारण्याचे काम आपले आहे, आणि ज्यांना ते नाव ठाऊक आहे ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.