शेवटच्या नळाची सही

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला आले होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती, तिचे ते सभासद. धुळ्याच्या लाईनीवरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या माणसांवर बहिष्कार टाकला होता. बाबासाहेब स्वतः त्या गावात गेले. कचेरीतून कागद मागवून त्यांनी भागवलं नाही. चाळीसगावच्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला होता, म्हणून परतताना इथं उतरले. तर त्यांना वस्तीत न्यायला एक तांगेवाला तयार होईना! शेवटी तोडगा निघाला – तांगा त्यांचा, हाकणारा आपला. हाकणाऱ्याला सराव नव्हता. पुलावर घात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला.

हे आपण दर जयंतीला सांगतो, हळहळतो आणि घरी जातो. पण त्यातली एक गोष्ट आपण उचलली नाही. चौकशी करणारा माणूस वस्तीत निघाला होता आणि तपासनीस व वस्ती यांच्यामध्ये जात आडवी पडली होती.

आजचा तपासनीस एसी मोटारीतून येतो. ती मोटार वस्तीत शिरते का? हा या अंकाचा सवाल आहे.

विषय ऐकून जांभई येईल. पाणी पुरवणाऱ्या यंत्रणांचे ‘शाश्वतता अहवाल’ आणि त्यांची ‘त्रयस्थ तपासणी’. जांभई देऊ नका, दोस्तहो. ज्या शब्दांनी आपल्याला जांभई येते, त्याच शब्दांच्या आड आपली लूट चालते.

भानगड अशी आहे. पाण्याची कंपनी किंवा महापालिका गुळगुळीत कागदावर अहवाल छापते – इतकं पाणी पुरवलं, इतकी गळती रोखली, इतकं सांडपाणी शुद्ध केलं, इतकी वीज वाचवली. मुखपृष्ठावर ओंजळ धरून हसणारं पोर. मग लोकांचा विश्वास बसावा म्हणून बाहेरची एखादी फर्म आणतात. ती आकडे तपासते आणि दाखला देते. हा आता मोठा धंदा झालाय. शेअर बाजारातल्या वरच्या एक हजार कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा केला. २०२४च्या नोव्हेंबरात असे अहवाल कसे तपासावेत याचं वेगळं आंतरराष्ट्रीय मानकही निघालं.

दाखल्याचे दोन प्रकार. एक ‘मर्यादित’ – त्याचा अर्थ, आमच्या नजरेला काही खटकलं नाही. दुसरा ‘वाजवी’ – त्याचा अर्थ, आम्ही खोलात जाऊन पाहिलं आणि आकडे बरोबर वाटतात. आता नजरेला खटकण्यासाठी नजर तिथं जायला तर पाहिजे! तपासणाऱ्याची फी कोण देतो? ज्याची तपासणी, तोच. काय तपासायचं हे कोण ठरवतो? बहुतेक वेळा तोच. चोरानं पंच निवडावा आणि पंचानं पंचनाम्यावर सही ठोकावी, तसलाच हा मामला.

आम्ही हवेत बोलत नाही. इंग्लंडमधली सदर्न वॉटर कंपनी घ्या. सांडपाणी केंद्रांचे आकडे ती वर्षानुवर्षे खोटे देत होती. नमुना घ्यायच्या वेळी केंद्रातून पाणीच वाहत नाही, असा देखावा उभा करायची. पाणी नाही तर नमुना नाही, नमुना नाही तर गुन्हा नाही. २०१९ साली तिथल्या सरकारी नियामकानं, ऑफवॉटनं, तिला १२ कोटी ६० लाख पौंडांचा दणका दिला. त्यातले बहुतेक पैसे ग्राहकांना बिलातून परत करायला लावले.

इंग्लंडात नमुन्याची वेळ चोरली. अमेरिकेत नमुन्याचं घर चोरलं. फ्लिंट हे मिशिगन राज्यातलं गाव, बहुसंख्य वस्ती काळ्यांची – ज्यांच्या लढ्यावरून १९७२ साली इथल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, त्यांची. २०१४ साली पैसे वाचवायला गावाचं पाणी बदललं. नव्या पाण्यानं जुन्या पाइपातलं शिसं खरवडलं आणि ते पोरांच्या पोटात गेलं. बायका बाटल्यांत गढूळ पाणी घेऊन सभेला जात होत्या. सरकारी अहवाल म्हणत होता, सगळं मर्यादेत आहे. कसं बसवलं मर्यादेत? नमुना घेण्याआधी नळ वाहता सोडून ठेवा, अशा सूचना होत्या. आणि जास्त शिसं निघालेले दोन नमुने हिशेबातून वगळले होते! दोन घरं पुसली आणि गाव निरोगी झालं. मग २०१५ साली रहिवाशांनी व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांना सोबत घेऊन स्वतः शेकडो बाटल्या भरल्या. तेव्हा खोटं फुटलं.

लांब कशाला जाता? आपल्या शेजारचं इंदूर. स्वच्छ शहरांच्या सरकारी यादीत वर्षानुवर्षे पहिला नंबर. २०२३ साली महापालिकेनं ‘हरित रोखे’ काढले आणि नर्मदेचं पाणी सौर विजेवर उपसायला २४४ कोटी उभे केले. सौर वीज चांगलीच गोष्ट आहे. पण २०२५च्या डिसेंबरात त्याच शहरात भागीरथपुरा वस्तीच्या पाण्यात गटार मिसळलं आणि माणसं मेली. उपसा हिरवा, नळ काळा. कागदावर दोन्ही खरं असू शकतं. म्हणूनच तर कागदाची भीती वाटते.

दोस्तहो, यातलं कुठलंही दुखणं आपल्याला नवं नाही. महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठरावात शंभर टक्के, तळ्यावर शून्य. २० मार्च १९२७ ला आपली माणसं तळ्यात उतरली आणि ओंजळभर पाणी प्याली. त्या ठरावाची तीच पहिली खरी तपासणी. डोकी फुटली आणि ठराव थाप होती हे जगाला कळलं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं तो ठरावही मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं यायला १९३७ उजाडावं लागलं.

ओंजळ हीच तपासणी. बाकी सगळं टायपिंग.

आता चाळीसगावकडे या. गिरणा धरणाच्या भरवशावर इथली माणसं उन्हाळा काढतात. धरण किती टक्के भरलं ते पेपरात रोज येतं. पण धरणातल्या टक्क्याचा आणि वस्तीतल्या हंड्याचा संबंध कोण तपासतो? आपल्या अहिराणीत हा सगळा अहवाल चार शब्दांत होतो – नळ शे, पानी नही.

खेड्यात निदान एक तत्त्व तरी मान्य झालंय. २०१९च्या जलजीवन मिशनमध्ये खात्यानं ‘हर घर जल’ असं कळवून भागत नाही. ग्रामसभेनं ठराव केला तरच गाव प्रमाणित होतं. ती ग्रामसभा कुणाच्या ओट्यावर भरते, तिथं आपल्या बायांना बोलू देतात का, ही भांडणं आहेतच. पण तत्त्व बरोबर आहे – पाणी पिणाऱ्यानं सही करायची. शहरात काय? घटनेनं वॉर्ड समितीची सक्ती केली ती तीन लाख वस्तीच्या वर. चाळीसगावची वस्ती २०११च्या जनगणनेत लाखाच्या आत. म्हणजे खेड्याला ग्रामसभा, महानगराला वॉर्ड समिती आणि अशा तालुक्याच्या गावांना बाबाजी का ठुल्लू!

म्हणून आमच्या मागण्या.

एक. नमुना कोणत्या नळावर घ्यायचा ते वस्तीची सभा ठरवेल, आगाऊ वर्दी न देता. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे असं भारतीय मानकच सांगतं. टाकीजवळचा नमुना आम्हाला दाखवू नका.

दोन. भागाकार नीट करा. ‘शंभर टक्के घरं’ म्हणताना पट्टा नसलेली झोपडी घर धरता की नाही? झोपडी बेकायदा म्हणून पाणी तोडता येत नाही, असं मुंबई हायकोर्टानं २०१४च्या डिसेंबरात बजावलंय. न मोजलेला माणूस म्हणजे नव्या जमान्यातला वेशीबाहेरचा माणूस.

तीन. गटारात गुदमरून मेलेला कामगार अहवालाच्या पहिल्या पानावर पाहिजे, ठेकेदाराचा असला तरी. हातानं मैला काढायला लावणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं २०२३ साली गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. ही माणसं कोणत्या जातीची असतात ते आम्ही सांगायला नको. ज्या अहवालात ती नाहीत, तो शाश्वत काय ठेवू पाहतो? जातच!

चार. तपासणाऱ्याची नेमणूक आणि फी यंत्रणेच्या हातात नको. आणि अहवाल मराठीत छापून वॉर्डात भिंतीवर लावा.

मागण्या करून आम्ही हात बांधून बसणार नाही. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात फक्त कागदाची नक्कल मिळत नाही. कामाची पाहणी करता येते, साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. किती जणांनी मागितला? कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनो, तुमच्या केमिस्ट्रीचा वस्तीला काय उपयोग? एक वही घ्या. पाणी कधी आलं, किती वेळ आलं, कसलं आलं, कोण आजारी पडलं – वर्षभर लिहा. शेवटी आईची सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा. मग त्यांचा गुळगुळीत अहवाल आणि आपली मळकी वही शेजारी शेजारी ठेवून भर सभेत वाचू.

१९२९ साली तांगा हाकणारा आपला होता, पण त्याला सराव नव्हता. आता सराव करायला पाहिजे. तपासणीचा लगाम आपल्या हातात घेतल्याशिवाय ती गाडी वस्तीपर्यंत यायची नाही.

जयभीम!