शेवंडीपासून घ्यावयाचा धडा

जळकोटसारख्या कोरडवाहू गावी समुद्रातील शेवंडीची गोष्ट कशासाठी, असे शेतकरी बंधू विचारतील. परंतु उंची मासळीचा घरगुती धंदा कशाने बुडतो, हे तिच्याइतके स्पष्टपणे दुसरे कोणी सांगत नाही.

परदेशी मागणी वाढताच मुंबईच्या किनाऱ्यावरील चपट्या शेवंडीची बेसुमार पकड झाली. या जातीची मादी अंडी पोटाखाली बाळगते. तीही जाळ्यातून सुटली नाही. १९९४ पर्यंत तेथील शेवंड जवळजवळ नाहीशी झाली. निर्यातीसाठी किमान १५० ग्रॅम वजनाचा नियम २००३ मध्ये आला. परंतु तोवर धंदा हातचा गेला होता.

आपल्या शेततळ्यातही हीच घाई नडते. पैशाची निकड लागताच पाव किलोचा कटला काढून विकला जातो. तोच मासा आणखी काही महिने पोसल्यास वजन व दर दोन्ही वाढतात. आपल्याकडे पाणी उन्हाळ्यापूर्वीच आटते, हे खरे. म्हणूनच पावसाळ्यात मत्स्यजिरे न सोडता चांगली वाढलेली बोटुकली सोडावी. म्हणजे पाणी आहे तोवर मासा विक्रीयोग्य होतो.

सोलापूरच्या बाजारी माल नेताना लहानमोठा मासा वेगळा करावा व माशाच्या वजनाइतका बर्फ घालावा. गिऱ्हाइकाचा विश्वास हेच कुटुंबाचे खरे भांडवल होय.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी मत्स्यबीजाबरोबर हा संयमही घरोघर पोहोचवावा, असे आमचे मत आहे.