पावणेदोन टनांचा अंधार

मराठी माणसाची भिंतीवर फार श्रद्धा. ज्ञानेश्वर माउलींनी निर्जीव भिंत चालवून दाखवली, तेव्हापासून दुसरी कुठली भिंत चालू लागू नये म्हणून आपण तिच्यात सिमेंट ओततो आहोत. दोन भाऊ वेगळे झाले, घाल भिंत. पाहुणे वाढले, घाल भिंत. आणि आता घरात अळिंबी पिकवायची म्हटलं, तरी घाल भिंत! या शेवटच्या भिंतीविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी लेखी देतो आहे.

प्रकरण असं. देवपुरातल्या आमच्या एका भाचीने मागच्या खोलीत धिंगरी अळिंबीचा उद्योग काढायचं ठरवलं. भांडवल म्हणजे भिशीचे पैसे आणि एक मोडलेली बांगडी. ओलवलेल्या काडात बियाणं मिसळून पिशव्या भरल्या, की पहिले १५ ते २० दिवस त्या अंधारात ठेवायच्या. आतली बुरशी पसरून पिशवी पांढरी झाली, की मग उजेड आणि मोकळी हवा द्यायची. खोली एकच, तेव्हा मधोमध उजेड-अंधाराची वाटणी आली. मिस्तरींनी टेप सोडला आणि निकाल दिला, "ताई, चार इंची विटांची घालू. भिंत ती भिंत!" घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. भिशी आणि बांगडी दोघी अनारकलीसारख्या भिंतीत चिणल्या जाणार, हे नक्की झालं. "पण मामा, मग बियाणं कशातून आणू?" भाचीने मला हळूच विचारलं. या प्रश्नाचं उत्तर एकाही डोलणाऱ्या मानेकडे नव्हतं.

मी आकडेमोडीवर पोट भरणारा माणूस. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी चार इंची भिंत वजनाला सुमारे पावणेदोन टन भरते. तेवढ्याच मापाचं १०० मायक्रॉनचं काळं प्लॅस्टिक एक किलोही भरत नाही. आता मला सांगा, अडवायचं कोणाला आहे? चोराला? हत्तीला? उजेड काही पहार घेऊन येत नाही. त्याला अडवायला ताकद लागत नाही. फट नसली म्हणजे झालं. फट राहिली, तर पावणेदोन टन गेले पाण्यात. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली आणि ती महाराष्ट्रभर पोचली. भिंतीने उजेड अडत नाही, याला आणखी काय पुरावा हवा?

बरं, अंधार तरी किती हवा, हे कुणी विचारलं? शेवंतीचं दुखणं वेगळं. झाडं दिवस-रात्रीच्या लांबीप्रमाणे फुलतात, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडलं. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. मध्यरात्री दिवा लावून ती मोडली, की कळी रुसून बसते. तिथे फट म्हणजे फटच. पण अळिंबी उजेडावर स्वयंपाक करणाऱ्यांतली नव्हे, ती काडावर जगते. पसरताना तिला उजेड लागत नाही, इतकंच. सुईएवढा कवडसा आला म्हणून ती माहेरी निघून जात नाही.

तेव्हा माझी भिंत अशी. लाकडी रिपांची चौकट करा. तिच्यावर काळं प्लॅस्टिक दुहेरी ताणा. जोड येईल तिथे एकावर एक वीतभर चढवून वरून रीप ठोका. खाली प्लॅस्टिक वीतभर जमिनीवर लोळू द्या आणि त्यावर वाळू भरलेली लांब पिशवी ठेवा. दाराच्या जागी दोन पडदे, मध्ये दोन पावलांचं अंतर. एक उघडताना दुसरा मिटलेला. सिनेमाच्या टॉकीजला उशिरा गेलेल्या कुणालाही ही युक्ती ठाऊक आहे. हवेसाठी भोक ठेवायचं तर वाट दोनदा वळवा आणि आतून काळी रंगवा. हवा वळण घेते, उजेड नाकासमोर जातो. मग भर दुपारी आत शिरून दहा मिनिटं गप्प बसा. डोळे सरावले की चांदण्या दिसतील. एकेक चांदणी चिकटपट्टीने मालवत जा.

मिस्तरी म्हणतील, उंदीर कुरतडेल. खरं आहे. तळाशी फूटभर पत्रा ठोका. प्लॅस्टिक पेटेल, हेही खरं. दिवे आणि वायरी त्यापासून लांब ठेवा. पण पक्क्या भिंतीची एक गोष्ट ते सांगणार नाहीत. अळिंबीच्या खोलीत दिवसरात्र दमट हवा ठेवावी लागते. ती ओल गिलावा पितो आणि वर नको ती बुरशी धरतो. प्लॅस्टिक फडक्याने पुसता येतं. शिवाय आपल्या खानदेशात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही नाजूक अळिंबी तशीही सुट्टीवर जाते. त्या दिवसांत चौकट सोडून माळ्यावर टाकावी आणि खोली सुट्टीला आलेल्या भाचरांना द्यावी. भिंत चालवायला ज्ञानेश्वर लागतात, चौकट दोन माणसं हलवतात.

बँकेच्या काउंटरमागे बसून मी लहान कर्जांच्या किती फायली उघड्या-मिटल्या पाहिल्या! इमारत तयार, पाटी रंगवलेली, नारळ फुटलेला आणि कच्चा माल आणायला पैसे नाहीत. हे लोक आळशी नव्हते की लबाडही नव्हते. धंदा दिसला पाहिजे, या हट्टापायी त्यांनी भांडवल आधी भिंतीला दिलं, एवढंच. चार माणसं भिंतीचं कौतुक करतात. बियाण्याचं कौतुक कोण करणार? ते पिशवीत असतं, अंधारात.

म्हणून वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. पोरीला आशीर्वाद द्या, जमलं तर काडाला चार पैसे द्या, पण कृपा करून विटा देऊ नका. विटा विकून बियाणं येत नाही. अळिंबी विकून मात्र पुढे-मागे विटा येतील. आणि तोवर तिचं तिलाच कळलेलं असेल, की त्या नकोत.