बावीस अक्षरांचा लगाम

मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, गोंगाटात कान झाकून घेतो. ‘मुलगे उशिराच बोलतात,’ म्हणून घरची मंडळी वाट पाहतात. अशा काही घरांत खरे कारण ‘फ्रॅजाइल एक्स’ असते. एकाच जनुकातील दोषामुळे येणाऱ्या आनुवंशिक बौद्धिक अक्षमतेत हा विकार सर्वाधिक आढळतो.

एक्स गुणसूत्रावरचे एफएमआर-१ हे जनुक १९९१मध्ये सापडले. त्यात सीजीजी ही तीन अक्षरे साधारणपणे तीसेक वेळा येतात. ती दोनशेच्या पुढे गेली की जनुक बंद पडते आणि एफएमआरपी हे प्रथिन बनत नाही. चेतापेशींच्या जोडांवर इतर प्रथिने कधी, किती बनावीत, यावर लगाम ठेवण्याचे काम त्याचे.

हा लगाम ते एकट्याने धरत नाही. २००२मध्ये फळमाशीवरील प्रयोगांत एफएमआरपी आर्गोनॉट प्रथिनाच्या संगतीत सापडले. हे आर्गोनॉट सूक्ष्म आरएनए बाळगते. जेमतेम २२ अक्षरांची ही साखळी संदेशवाहक आरएनएला चिकटते आणि त्यापासून प्रथिन बनणे रोखते. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना एका चिमुकल्या कृमीत तिचा शोध लागला. २०२४चे नोबेल त्यासाठीच. आर्गोनॉट-२च्या जनुकातील बिघाडानेही बौद्धिक अक्षमता येते, हे २०२०मध्ये दिसले.

मूळ दोष दूर करणारे औषध अजून नाही. रक्ततपासणी मात्र आहे. मूल बोलायला उशीर करत असेल, तर आईला दोष न देता बालरोगतज्ज्ञांकडे या तपासणीची चौकशी जरूर करा.