सोडून दिलं म्हणजे सुटलो?



अलीकडे आपल्या घरांमधून एक वाक्य फार ऐकू येतं. मुलगा-सून अमेरिकेत असतात, सुट्टीत डोंगरातल्या तळ्याकाठी तंबू टाकून राहतात, मुलंबाळं गळ टाकून बसतात. आपण दचकून विचारलं की उत्तर तयार असतं, "आई, आम्ही मारत नाही. पकडतो आणि सोडून देतो." तेवढ्यावर आपल्याला हायसं वाटतं. हे हायसं वाटणं चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा मासा म्हणजे ट्राउट. थंड, स्वच्छ पाण्यात राहणारा. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, लहान ओढ्यांत आणि उंचावरच्या तळ्यांत त्याला पकडण्याचा छंद जुना आहे. आपल्याकडेही १९०० च्या सुमारास इंग्रजांनी स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली, ती याच छंदापायी. म्हणून काश्मीर-हिमाचलच्या सहलींतही ट्राउट पकडण्याचा कार्यक्रम असतो. आकड्याला पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. मासा भुकेपोटी तोंड उघडतो आणि आकडा त्याच्या ओठात रुततो. म्हणजे हिंसेच्या आधी कपट आलंच.

मी बी.कॉम. झाले तेव्हापासून जमाखर्च लिहिते आहे. हे लोक 'सोडलं' एवढं जमेच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहितात आणि नावे बाजू कोरी ठेवतात. ती आपण लिहू. ओठाला जखम. मग मासा दमेपर्यंत दोर ओढणं. शिखरजीची वंदना करून उतरल्यावर आपल्या पोटऱ्यांची जी गत होते, ती त्याच्या सगळ्या अंगाची होते. मग पाण्याबाहेर फोटो. तेवढा वेळ त्याला श्वास नाही. अंगावरचा बुळबुळीत थर रोगापासून त्याचं रक्षण करतो, तो कोरड्या हाताने पुसला जातो. आकडा घशात किंवा कल्ल्यात गेला असेल, पाणी कोमट असेल, तर सोडलेला मासाही नंतर मरतो. आपण तोवर तंबूत चहा पीत असतो.

"माशाला कुठे दुखतं?" असंही म्हणतात. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन या संशोधक बाईंनी ट्राउटच्या डोक्यावर, तोंडाभोवती वेदना जाणवणाऱ्या नसा दाखवून दिल्या. ओठाला आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते आणि बराच वेळ खात नव्हते. तो प्रयोग मला रुचला नाही, पण निष्कर्षाचं नवल वाटलं नाही. मासा पंचेंद्रिय जीव आहे, हे आपल्या पाठशाळेतलं पोरसुद्धा सांगतं.

आता मुख्य मुद्दा. दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारझोड करणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. वध म्हणजेही इथे काठी-चाबकाने मारणं, जीव घेणं नव्हे. पाचांपैकी एकातही मरणाची अट नाही. दोर हा बंध, आकडा हा छेद. 'मारलं नाही' एवढ्यावर व्रत राहत असतं, तर आचार्यांनी हे पाच सांगितलेच नसते.

आमच्या स्वाध्यायात एक ताई म्हणाल्या, "मृगसेन धीवरानेही मासा सोडलाच की!" सोडला. पण कथा पूर्ण आठवा. मासेमारी हे त्याचं पोट होतं. जाळ्यात पहिला येणारा मासा सोडायचा, एवढाच नियम त्याने मुनिराजांकडून घेतला. तोच मासा पाच वेळा आला, पाचही वेळा त्याने सोडला आणि रिकाम्या हाताने घरी गेला. बायकोने दार लावून घेतलं. त्या सोडण्यात त्याचा घास गेला. या छंदवाल्यांचं सोडण्यात काय जातं? मृगसेनाने सोडता यावं म्हणून जाळं टाकलं नव्हतं. आपणही पाणी गाळून जिवाणी परत त्याच पाण्यात सोडतो, पण पाण्यावाचून भागत नाही म्हणून. माशाच्या ओठात आकडा घातल्यावाचून कोणाचं अडलं आहे?

पैनगंगेत, इसापूरच्या धरणात पोटासाठी जाळं टाकणाऱ्यांकडे बोट दाखवायला मी बसलेले नाही. त्यांची लेकरं त्यावर जगतात. हे कॅमेरा आणि हजारोंचं सामान घेऊन करमणुकीला जातात. आपण याला अनर्थदंड म्हणतो, विनाकारण केलेलं पाप. स्वित्झर्लंडमध्येही २००९ पासून सोडून देण्याच्या इराद्याने मासे पकडायला बंदी आहे. ते लोक मासे खातात, ती अहिंसा नव्हे. पण नुसत्या मौजेसाठी जिवाला छळू नये, एवढं त्यांच्या कायद्यालाही कळलं.

"यातून मुलांना निसर्गाची ओढ लागते," हाही एक दावा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या उंचावरच्या बहुतेक तळ्यांत मुळात मासेच नव्हते. गळवाल्यांसाठी आधी खेचरांवरून आणि पुढे विमानांतून ट्राउट आणून टाकले. ट्राउटनी तिथल्या बेडकांची पिल्लं खाल्ली आणि कित्येक तळ्यांतले बेडूक नाहीसे झाले. पुढे संशोधकांनी काही तळ्यांतून ट्राउट काढले, तेव्हा बेडूक परतू लागले. काढलेल्या त्या माशांचाही जीव गेलाच. एका छंदाने दोन जीवांना एकमेकांच्या मुळावर आणलं.

माझाही नातू कॅलिफोर्नियात आहे. अकराव्या वाढदिवसाला त्याने आजीकडे गळाची काठी मागितली. अनर्थदंडात हिंसादान हा एक प्रकार आहे: हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. मी नाही म्हणाले. सूनबाई म्हणाली, "आई, त्याचे सगळे मित्र जातात. तो एकटा पडेल. आणि त्या निमित्ताने मोबाइल तरी सुटतो." तिचं म्हणणं खोटं नाही. परमुलखात लेकरू एकटं पडणं लहान गोष्ट नव्हे. पण एकटं पडू नये म्हणून आपण आजवर कंदमुळं खायला शिकवलं नाही, तर हे कसं शिकवू? मी दुर्बीण पाठवली. ते पाणी इतकं नितळ असतं म्हणे, की काठावर गप्प बसलं तरी मासा फिरताना दिसतो. दोन रविवार झाले, तो फोनवर आला नाही. जीव कासावीस होतो, पण काठी मी देणार नाही.

मैत्रिणींनो, तुम्हीही देऊ नका. सहलीच्या पत्रकात 'ट्राउट पकडा' असं दिसलं तर पैसे भरण्याआधीच सांगा, आम्हाला हे नको. आणि घरचं कोणी "सोडून दिलं" म्हणालं तर एवढंच विचारा, "धरलं कशाला होतं?"