सतरावे लागले की लेकरू परके होते काय?

अमेरिकेत लेकरांमागे आई-बापांना आयकरात सवलत मिळते. २०२५ पासून ती दर मुलामागे वर्षाला कमाल २,२०० डॉलर आहे. मात्र मूल सतरा वर्षांचे झाले की ती ५०० डॉलरवर येते. पूर्णवेळ शिकणारे मूल चोविशीच्या आत असेल, तर कायदा त्याला आई-बापांवर अवलंबून मानतो; सवलत मात्र तीच ५०० ची! कॉलेजची फी, पुस्तके, खोलीचे भाडे यांचा बोजा वाढतो, नेमके तेव्हाच सरकार हात आखडते.

खरी मेख पुढेच आहे. हे ५०० डॉलर फक्त भरायच्या करातून वजा होतात. भांडी घासून पोरांना शिकवणाऱ्या ज्या माऊलीचा करच शून्य, तिच्या हाती भोपळा!

२०२१ या एका वर्षापुरता कायदा बदलला. सतरा वर्षांची मुले सामावून घेतली, कर नसणाऱ्यांनाही पूर्ण रक्कम दिली. जनगणना खात्याच्या पूरक मोजणीनुसार मुलांमधील गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. ती वाढीव मदत थांबली आणि २०२२ मध्ये हाच आकडा १२.४ टक्के झाला. गरिबी नशिबात नसते, धोरणात असते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

१९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब याच अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. ‘आता मोठा झालास’ म्हणून कोणी हात काढून घेतला असता तर? तेथील कष्टकऱ्यांची पोरे आणि येथे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ताटकळणारी आपली पोरे, यांचा प्रश्न एकच आहे. शिकणाऱ्याचे वय मोजू नका. त्याचे शिक्षण पुरे होऊ द्या, ही आमची मागणी आहे.