कर्कश सुरांना हवे छप्पर

भूमिगत रॉक बँडची कारकीर्द बहुधा गुणवत्तेअभावी संपत नाही. वाजवायला जागा उरत नाही, म्हणून ती संपते. मुंबईचा गेल्या चार दशकांचा अनुभव हेच सांगतो. पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यातील तरुणांसाठी तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे.

'पोस्ट-पंक' हा प्रवाह १९७०च्या दशकाअखेर इंग्लंडमध्ये उदयास आला. ओस पडलेल्या गिरण्यांचे मँचेस्टर हे त्याचे एक प्रमुख केंद्र. तेथील 'जॉय डिव्हिजन'चा पहिला अल्बम १९७९ मध्ये आला आणि मे १९८० मध्ये गायक इयान कर्टिस यांच्या मृत्यूने बँडची अखेर झाली. तरीही त्याचा ठसा टिकला. टोनी विल्सन व सहकाऱ्यांनी 'फॅक्टरी' या नावाने आधी एका क्लबात संगीतरजनी आणि पुढे ध्वनिमुद्रण कंपनी सुरू केली होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. गिटारच्या कर्कश नादालाच रचनेचा गाभा मानणारा 'नॉइज रॉक'ही न्यूयॉर्कच्या अशाच लहान जागांतून वाढला.

मुंबईत हे काम धोबीतलावच्या रंगभवनाने केले. १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सवाने नवोदित बँडना तेथे श्रोते मिळवून दिले. मात्र ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. कामा रुग्णालय आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या सान्निध्यातील रंगभवन मुके झाले. लोअर परळच्या तोडी मिलमध्ये २००७ साली सुरू झालेला 'ब्लू फ्रॉग' क्लबही २०१६ मध्ये बंद पडला.

या पडझडीत 'पेंटाग्राम'ने १९९६ ते २०११ दरम्यान चार अल्बम काढले. त्याचे गायक विशाल ददलानी यांनी याच काळात विशाल-शेखर जोडीतून चित्रपटसंगीतातही जम बसविला. असा आधार प्रत्येक कलावंताला लाभत नाही.

बोईसरहून चर्चगेट सुमारे १०० किलोमीटर. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली खरी. पण विरारपुढे फेऱ्या मोजक्याच. त्यामुळे मुंबईतील रात्रीच्या कार्यक्रमाला वाद्ये घेऊन जाणे आणि परतणे हीच एक परीक्षा ठरते. येथील औद्योगिक वसाहतीत आवाज नवा नाही. औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा आहे. निवासी क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ५५ आणि ४५ आहे.

रुग्णांची आणि विद्यार्थ्यांची शांतता जपलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण कायद्याने संगीताचे दार पूर्ण बंद केलेले नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतही सभागृहासारख्या बंदिस्त जागेत ध्वनिक्षेपकास मुभा आहे. खुल्या जागेत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचे वर्षातील १५ दिवस मात्र प्रामुख्याने सणासुदीला जातात. म्हणजेच अडचण नियमांपेक्षा बांधकामाची आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. प्रशासकीय इमारती उभ्या राहिल्या, तशीच ध्वनिरोधक भिंतींची, परवडणाऱ्या भाड्याची एखादी छोटी वास्तू कारखानदार आणि नगरपरिषद मिळून उभारू शकतात. तिचा लाभ रॉक बँडला होईल, तसाच तारपावादकांना आणि नाट्यमंडळांनाही. ते न झाल्यास या पट्ट्यात यंत्रांचा आवाज तेवढा उरेल.